कोनशिलेवरचं साल आणि फळ्यांवरच्या रेषा

आमच्या क्रीडा मंडळाच्या इमारतीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा वाटलं होतं की कोनशिलेवर साल आहेच, त्यापुढे चार पानं लिहायची. इतिवृत्ताच्या वह्या उघडल्यावर कळलं, ते साल फक्त पुढच्या दोन खोल्यांचं आहे. ज्या सभागृहात आम्ही सगळे बास्केटबॉल खेळत वाढलो, त्याची नोंद असलेल्या वह्या वाळवीनं खाल्लेल्या.

मग जुन्या खेळाडूंना गाठलं. आठवणी भरपूर, पण प्रत्येकाचं साल वेगळं. ‘सभागृह कधी बांधलं?’ हा प्रश्नच मी सोडून दिला. ‘तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा पायाखाली काय होतं?’ असं विचारायला लागले, तशी उत्तरं जुळू लागली. आधी माती, मग कोबा, मग लाकूड. हा प्रश्न आधीच सुचला असता तर दोन महिने वाचले असते.

लाकडाचा काळ मात्र जमिनीनंच सांगितला. त्याच सुमारास फळ्यांना पॉलिश करायचं होतं. मशीननं वरचा थर निघाला आणि खाली दुसरीच आखणी दिसली. मी सुतारदादांना थांबवलं, रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडला आणि टेप लावली. वरची कमान, म्हणजे जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात ती रेषा, ६.७५ मीटरची, म्हणजे २०१० मध्ये नियम बदलल्यानंतरची. तिच्या आत पिवळी कमान, ६.२५ मीटरची. आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची ही रेषा १९८४ मध्ये आली. ही पिवळी कमान जुन्या पॉलिशच्या वर होती. पॉलिशच्या खाली, थेट लाकडावर, बास्केटखालचा समलंब चौकोन होता. तळाशी ६ मीटर, फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतरच्या मोकळ्या फेकीच्या रेषेवर ३.६. त्या थरात कमान नव्हतीच. म्हणजे पहिली आखणी झाली तेव्हा मंडळात कुणी तीन गुणांचा बास्केट मोजत नव्हतं. नियम बदलला की दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा उघडतो असं नाही, म्हणून मी ‘१९८४ च्या आसपास किंवा त्याआधी’ एवढंच लिहिलं.

मोजताना सारखी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची ती व्यायामशाळा आठवत होती, जिथे बास्केटबॉल जन्मला. १८९१ मध्ये या खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ यांनी तिथल्या गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या. कठडा १० फुटांवर होता आणि रिंग आजही तेवढ्याच उंचीवर आहे. एका इमारतीचं माप जगभरच्या मुलांच्या हातात बसलं, हे मला फार मोठं वाटतं.

शेवटी कपाटाच्या माळ्यावर पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती सापडल्या. देणगीच्या कारणापुढे लिहिलेलं, ‘एक फळी’. पुढच्या पावतीवरही ‘एक फळी’. काही ठिकाणी ‘अर्धी फळी, दोघांत मिळून’. सह्या पेन्सिलीच्या, शाळकरी वळणाच्या. ते लाकूड मुलांनी एकेक फळी करून आणलं होतं आणि कोनशिलेवर त्यातलं एकही नाव नाही. मी सगळी नावं उतरवून घेतली आणि इतिहासाचं पहिलं पान त्यांनाच दिलं. कार्यकारिणीत थोडी कुरकुर झाली, पण मी क्रम बदलला नाही.

पॉलिशच्या वेळी कुजलेली एक फळी काढावी लागली. तिच्यावर त्या चौकोनाची तिरकी पांढरी रेषा अजून आहे. ती आता कार्यालयात, कोनशिलेच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर लावली आहे.