चंद्रपूरचा शेतकरी आणि माझं एचडीएल

सर्रा हा जनावरांचा परजीवी-ताप माणसाला होत नाही, हे आम्हा जनावरांच्या डॉक्टरांना इतकं पक्कं ठाऊक असायचं की का होत नाही, हे कुणी विचारतच नसे. पावसाळा सरत आला की रक्त पिणाऱ्या टॅबॅनस माश्या वाढतात, घोडं खंगतं, म्हशीचा ताप चढतो-उतरतो, एखादा बैल गोल गोल फिरायला लागतो. रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला की तांबड्या पेशींमधून वळवळत जाणारा सर्ऱ्याचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, दिसतो. त्याच माश्या मालकालाही चावतात. त्याला काही होत नाही.

पण आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला झालं. काही महिने ताप येत-जात होता आणि रक्तात चक्क इव्हान्सी! नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी ही केस २००५ मध्ये प्रसिद्ध केली. भारतातली अशी ती पहिलीच नोंद. सुरामिन या जुन्या औषधाने माणूस बरा झाला. पुढे गावातल्या अठराशेवर लोकांचं रक्त तपासलं. प्रतिपिंडं बऱ्याच जणांत सापडली, म्हणजे माश्यांनी आपलं काम केलं होतं. पण परजीवी एकाच्याही रक्तात दिसला नाही.

मग हाच एकटा का सापडला? उत्तर बेल्जियममधून आलं, डिसेंबर २००६ मध्ये. त्याच्या रक्तात ॲपोलिपोप्रोटीन एल-१ नावाचं प्रथिन नव्हतंच. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात हे प्रथिन घातल्याबरोबर परजीवी मरू लागले. आणि हे प्रथिन रक्तात फिरतं कशावरून? एचडीएलवरून. तेच ते ‘चांगलं कोलेस्टेरॉल’. परजीवी एचडीएलचा कण अन्न समजून गिळतो, आतल्या आम्लात एल-१ मोकळं होतं, पेशीच्या पडद्यांना भोकं पाडतं आणि तो फुगून मरतो. माणसाचं रक्तद्रव ट्रिपॅनोसोमांना मारतं हे फ्रान्सच्या लाव्हराँ यांनी १९०२ मध्येच पाहिलं होतं. ते काम एचडीएलचं आहे, हे कळायला १९७८ उजाडलं.

हे सगळं आठवायचं कारण माझा लिपिड प्रोफाइल. एचडीएल ३६, शेजारी चांदणी छापलेली. पुतण्या म्हणाला, “काका, हे वाढवायलाच पाहिजे. गोळी असेल ना?”

गोळ्या निघाल्या होत्या, बाप्पा. टॉरसेट्रापिबने एचडीएल सत्तर टक्क्यांहून जास्त वाढलं, पण ती घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले आणि पंधरा हजार रुग्णांवरची चाचणी थांबवावी लागली. तीही डिसेंबर २००६ मध्येच. नंतर नायसिननेही आकडा वाढवला. पण कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन घेणाऱ्यांना त्याचा वेगळा फायदा झाला नाही. उलट २०१७ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांना आढळलं, की ज्यांचं एचडीएल फारच जास्त, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही जास्त.

माझ्या मते घोळ मोजण्यात आहे. रिपोर्टात दिसतं ते फक्त एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल. बल्लारशाहवरून जाणाऱ्या मालगाडीतला नुसता कोळसा तोलावा आणि बाकीच्या डब्यांत काय आहे ते बघूच नये, तसं. या कणांवर कितीतरी प्रकारची प्रथिनं बसलेली असतात. काही पेशींतलं जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे नेण्याच्या कामात लागतात, काही गुठळी आणि सूज यांच्या कारभारात. जिवाणूंचं अंतर्विषही हे कण बांधून ठेवतात. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की एचडीएल झपाट्याने खाली येतं, ते उगीच नाही. दीर्घ दाहात तर त्यावरची प्रथिनंच बदलतात: आकडा फारसा न हलताही कण वेगळाच झालेला असतो.

आणि संरक्षण फुकट मिळत नाही. एल-१ ची काही रूपं पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत पुष्कळ आढळतात. एक प्रत असली तर ती पूर्व आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या परजीवीविरुद्ध (तोही ट्रिपॅनोसोमाच) कामी येऊ शकते. दोन्ही प्रती तशा असल्या तर मूत्रपिंडाच्या आजाराचा धोका बराच वाढतो.

माझ्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, २१० आहेत. कमी एचडीएल बहुतेक वेळा त्यांच्या आणि पोटाच्या घेराच्या संगतीनेच येतं, म्हणून मी पेनाने गोल केला तो त्या आकड्याभोवती. रात्रीचा भात निम्मा झालाय, आमच्या हिच्या देखरेखीखाली.

पुतण्याला एवढं सगळं सांगितल्यावर त्याचा प्रश्न आला, “मग काका, तुमचं ते एल-१ तरी तपासून घ्यायचं का?”

गरज नाही, म्हटलं. नोकरीभर सर्ऱ्याच्या रक्तात हात घातलेत, तेही हातमोजे न घालता.