आमची वाटचाल : रनशीटवरच्या तीन बिनपार्सल ओळी

आमच्या प्रत्येक रनशीटवर, म्हणजे ड्रायव्हरच्या दिवसभराच्या स्टॉपांच्या यादीवर, तीन ओळी बिनपार्सलच्या असतात. स्टॉपचा नंबर असतो, पत्ता असतो, वेळ असते. ती टॉयलेटची जागा. पार्सल डिलिव्हरीच्या धंद्यात सगळ्यात जास्त मार आम्ही या तीन ओळींपायी खाल्ला, आणि टिकलो तेही त्यांच्याच जोरावर.

हिशेब असा. नऊ तासांची पाळी म्हणजे ५४० मिनिटं. गाडी लावणं, पार्सल शोधणं, जिना, ओटीपी, स्कॅन मिळून स्टॉपला ४ मिनिटं धरा. १३० स्टॉप दिले की ५२० मिनिटं गेली. उरलेल्या २० मिनिटांत जेवण, इंधन आणि बंद दारांचे फेरे. टॉयलेटपर्यंतचा वळसा धरून एका वेळेला १२ मिनिटं लागतात, तीनदा ३६. ती मिळत नाहीत म्हणून ड्रायव्हर पाणी तोडतो किंवा बाटली धरतो. बाईमाणसाला बाटलीचीही सोय नाही. मग लघवीची जळजळ, मुतखडा, उन्हात चक्कर. उन्हातल्या कामाला दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी लागतं, आणि प्यायलेलं पाणी बाहेर पडायला जागाही लागते.

ही मिनिटं काढायला आम्ही ११५ स्टॉपवर आलो तेव्हाच प्रतिस्पर्ध्याने १५० चं कोटेशन दिलं. सगळ्यात मोठा करार गेला, निम्म्या गाड्या उभ्या राहिल्या, वर आम्हालाच ढिले ठरवलं गेलं. तो शब्द अजून सलतो. १५० म्हणजे स्टॉपला ३ मिनिटं ३६ सेकंद, आणि त्यापलीकडे कशालाच काही नाही. असा रूट कागदावरच पुरा होतो. दुपारनंतर दार न वाजवताच ‘ग्राहक घरी नाही’ पडायला लागतं, तीच पार्सलं दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावी लागतात. रूट तोंडपाठ असलेला ड्रायव्हर सोडून जातो, आणि नवा माणूस फाटक शोधत फिरतो. तो करार पुढे आमच्याकडे परत आला, ११५ वरच.

त्या पडत्या काळात सुटे भाग विकणाऱ्या एका जुन्या ग्राहकाने त्याच्या डॉकजवळच्या, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या जागेजवळच्या, टॉयलेटची चावी आम्हाला दिली. साबण आणि सफाईचा वाटा आम्ही उचलला. पुढचे सगळे करार त्याच मसुद्यावर होत गेले: कोणत्या वेळेत उघडं, चावी कुणाकडे, कडी आतून लागते का, पॅडसाठी झाकणाचा डबा आहे का, पाणी गेलं तर पर्यायी जागा कोणती. लिहूनच घ्या. तोंडी परवानगी गेटवरचा माणूस बदलला की संपते.

लांबच्या रूटवर २० लिटर टाकीचं सुटं टॉयलेट पार्सलांपासून वेगळ्या, आतून कडी लागणाऱ्या कप्प्यात पट्ट्याने आवळून बसवतो. टाकी पाऊण भरली की रिकामी, आणि तीही मैलावाहिनीच्या चेंबरमध्येच, पावसाळी गटारात कधीच नाही. गळती बहुतेक वेळा झडपेच्या रबरातून होते, कारण कागद अडकतो किंवा रबर सुकतं. रबराला सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेलीने ते फुगू शकतं. अडीअडचणीला लघवी घट्ट करणाऱ्या जेल पावडरच्या पिशव्या असतात, पण वापरण्याआधी पावडर तळाशी झटकून घ्यावी, नाहीतर वर पाणी साचतं. पाच लिटरचा नळाचा कॅन आणि साबण हवाच. मळलेल्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही.

पहिला टॉयलेट-स्टॉप लोडिंगनंतर दोन तासांच्या आत ठेवा. मधुमेह, गरोदरपण, लघवीच्या गोळ्या असतील तर जास्तीचे द्या, कारण विचारू नका. ॲपमधला ‘गाडी थांबली’ इशारा त्या जागांवर बंद करा, नाहीतर ऑफिसच्या फोनच्या धाकाने ड्रायव्हर न थांबताच पुढे जातो.

कोटेशनमध्ये ही ३६ मिनिटं आम्ही वेगळी ओळ म्हणून दाखवतो. ती कापा म्हणणाऱ्याला एकच विचारतो: तुमच्या डॉकवरचं टॉयलेट आमच्या ड्रायव्हरला खुलं आहे का? असेल तर तिथला वळसा वाचतो, आणि तेवढी मिनिटं आम्ही स्वतःच कमी करून देतो.