तुम्ही विचारलंत म्हणून : नाकाचं ऑपरेशन करून घेऊ का?

"ताई, लग्नाआधी नाकाचं ऑपरेशन करून घेऊ का?" नागपूरच्या गोकुळपेठेतल्या माझ्या पार्लरमध्ये लग्नाच्या मेकअपच्या ट्रायलला येणाऱ्या मुली हे आरशात बघतच विचारतात.

तारीख दोन महिन्यांवर असेल, तर नकोच. सूज पूर्ण उतरायला वर्षही लागतं. पडदा वाकडा असेल, श्वासाला त्रास होत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. पण 'नाक बसकं आहे' एवढंच कारण असेल, तर माझ्याजवळ दोन मिनिटं बसा.

इराणमध्ये मुली नाकाचा उंचवटा काढून घेतात, दक्षिण कोरियात सिलिकॉन बसवून नाक उंच करून घेतात. एकीला जे नकोसं, त्यासाठीच दुसरी पैसे मोजते. आपल्याकडे चाफेकळी नाकाचं कौतुक आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!

ही म्हण कुणी हसत म्हटली, तरी मला राग येतो. कारण नाकावरून माणसाची पायरी ठरवण्याचा उद्योग आपल्या देशात खरोखर झाला आहे. १९०१च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणायचा आणि नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असं मांडायचा. बाबासाहेबांनी १९४८च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकाचीच मापं पुढे ठेवून दाखवलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही. दीक्षाभूमी इथून जवळच आहे. तिथे जाऊन आलेली मुलगी माझ्या खुर्चीत बसून नाकाला नावं ठेवते, तेव्हा जीव तुटतो.

मागच्या हंगामात एक मुलगी आजीला घेऊन आली होती. मी सवयीने नाकाच्या दोन्ही बाजूंना सावलीसारखं तपकिरी काँटूर लावलं, मधोमध चमकदार हायलाइटरची बारीक रेघ ओढली. नाक सरळ दिसू लागलं. "बघ आजी, ऑपरेशननंतर अशीच दिसेन," पोरगी हरखून म्हणाली. आरशात मागे आजी होती. नाक अगदी तेच, रुंद, त्यावर जुनी चमकी. आजी काही बोलली नाही. पदर तोंडावर घेतला आणि नाक झाकलं.

नाकात खोट आहे, असं त्या मुलीने विचारण्याआधी माझ्या ब्रशनेच सांगून टाकलं होतं. आता नाकाला काँटूर कुणी मागितलं तरच लावते. आधी साध्या चेहऱ्यावर नथ घालून बघायला सांगते.