पाख्नेसचा कच्चा रस्ता: क्रीटच्या डोंगरात जाणाऱ्यांसाठी

ग्रीसच्या क्रीट बेटावर जाऊन पाख्नेस शिखर करायचा विचार असेल तर एक नाव आधी पाठ करा: रूसिएस. आनोपोली गावातून वर गेलेला कच्चा रस्ता तिथे संपतो, जवळपास २००० मीटरवर. गाडीवाल्याशी पैशाचं बोलण्याआधी हे नाव घ्या, नकाशावर बोट ठेवून दाखवा आणि तो मान हलवेपर्यंत पुढचं बोलू नका. आम्ही फक्त "पाख्नेस, रस्ता संपतो तिथे" एवढंच बोललो. त्याची किंमत पैशातही मोजली आणि पायांनीही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझा मेहुणा असे दोघंच गेलो होतो. दोघंही सह्याद्रीत वाढलेले, त्यामुळे चढाची भीती नव्हती. तीन शिखरं ठरवली होती: गिंगिलोस (२०८० मीटर), पाख्नेस (२४५३) आणि प्सिलोरिटिस (२४५६). शेवटची दोन म्हणजे बेटावरची सगळ्यात उंच. त्यांच्यात फरक फक्त तीन मीटरचा, आणि दोन्हीकडची माणसं त्यावरून अजून वाद घालतात. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे उंचीचा आकडा आपल्याला नवा आहे, पण नुसत्या उंचीने आम्हाला काहीच त्रास झाला नाही. त्रास झाला तो रस्त्याचा आणि पाण्याचा.

पाख्नेस ज्या रांगेत आहे तिचं नाव लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर. आम्ही वाचलेल्या बहुतेक वर्णनांत एकच वाक्य होतं: गाडी वरपर्यंत जाते, तिथून शिखर दोन-अडीच तास. वाक्य खरं आहे. पण आनोपोली साधारण ६०० मीटरवर आहे आणि तिथून रूसिएस वीस किलोमीटरच्या आसपास, त्यातला बहुतेक रस्ता दगडधोंड्यांचा, हे त्यात नसतं. भाड्याची लहान गाडी वर घालू नका. भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर बहुधा लागू होत नाही, आणि टायर आणि गाडीचा तळ तर त्यात जवळपास कधीच येत नाहीत. करार नीट वाचा. आम्ही वाचला होता, म्हणून फोर-व्हील पिकअप ठरवली. दोघांचे जाऊन-येऊन १३० युरो. सकाळी सहाला निघायचं, दुपारी तीनला परत न्यायला यायचं, असं ठरलं.

सातच्या सुमाराला एका वळणावर गाडी थांबली. चालक म्हणाला, "फिनिश." मी उतरून सॅक काढायलाही लागलो होतो. मेहुणा फोनमधला नकाशा बघत होता. तो म्हणाला, "दाजी, रस्ता संपलेला नाहीये. अजून सात किलोमीटर दाखवतोय." उंची बघितली तर १५२० मीटर. चालकाला नकाशा दाखवला तर त्याने टायरकडे बोट दाखवलं, मग वरच्या दगडांकडे, मग हात झटकले. अर्धा तास हुज्जत झाली. पैसे निघतानाच दिले होते, त्यामुळे आमच्या हातात काहीच उरलं नव्हतं. ही चूक तुम्ही करू नका. अर्धे पैसे निघताना आणि अर्धे परत आल्यावर, हे आदल्या संध्याकाळीच ठरवून घ्या.

मग त्या रस्त्याने चालत निघालो. हे सात किलोमीटर आख्ख्या सहलीतला सगळ्यात वाईट भाग आणि त्यात कठीण असं काहीच नाही, हेच संतापजनक. चढ मध्यम, वाट चुकण्याचा प्रश्न नाही, पण सावली नाही. आठ वाजताच पांढऱ्या चुनखडीवरून ऊन उलटून तोंडावर येतं. टोपीचा उपयोग अर्धाच होतो, कारण भाजतं ते खालून. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही लावा, आमची कातडी तिथेच सोलली. वाटेत मेंढपाळांच्या दोन जुनाट पिकअप धूळ उडवत आमच्या बाजूने वर गेल्या. म्हणजे रस्ता बंद नव्हता.

रूसिएसला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते आणि प्रत्येकी चार लिटरमधलं सव्वा लिटर पाणी संपलं होतं. इथे आपल्या ट्रेकरांना एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सह्याद्रीचा बेसॉल्ट पाणी धरतो. कुठल्याही जुन्या किल्ल्यावर कातळात खोदलेलं टाकं असतं, आणि पावसाळ्यानंतर निदान काही महिने त्यात पाणी असतं ही खात्री आपल्या हाडात मुरलेली असते. चुनखडी पाणी पिऊन टाकते. हिवाळ्यात तिथे भरपूर बर्फ पडतो, आम्हाला जूनच्या शेवटीही खळग्यांत मळकट पट्टे दिसले. पण वितळलेला थेंबन् थेंब भेगांतून आणि विवरांतून खाली जातो. याच रांगेतली गुर्गुथाकास नावाची गुहा १२०८ मीटर खोल आहे, ग्रीसमधली सगळ्यात खोल. डोंगराच्या पोटात पाणी आहे, अंगावर नाही. ते बाहेर येतं थेट समुद्रकाठी. खोरा स्फाकिओन आणि लुत्रोच्या मधल्या ग्लिका नेराच्या किनाऱ्यावर, म्हणजे 'गोड पाण्या'च्या किनाऱ्यावर, खडे बाजूला केले की थंडगार गोडं पाणी वर येतं. पाख्नेसनंतर दोन दिवसांनी तिथे गुडघ्यावर बसून प्यायलो तेव्हा आदल्या परवाच्या तहानेचा हिशेब लागला.

तेव्हा पाण्याचं सांगतो: रूसिएसपर्यंत गाडी जाणार असेल तर माणशी तीन लिटर. तिथपर्यंत चालावं लागण्याची थोडी जरी शक्यता असेल तर पाच. मेंढपाळांच्या हौदांवर विसंबू नका. ते जनावरांसाठी असतात, आणि रिकामेही असू शकतात.

रूसिएसपासून पुढची वाट सुरेख आहे, हे मनापासून सांगतो. एकामागून एक राखाडी-पांढरे शंकू, झाड नाही, गवताचं पातं नाही, नुसते काटेरी उशीसारखे झुडपांचे गोळे. अशी जमीन मी आयुष्यात पाहिली नव्हती. पायवाट ठळक आहे, डोंगराच्या अंगाने आडवी जाते. लक्ष द्यायचं ते फाट्यावर: मुख्य वाट कात्सिवेलीकडे जाते आणि पाख्नेसची वाट तिच्यातून सुटते. रचलेल्या दगडांच्या खुणा बघत राहा. इथले शंकू सगळे सारखे दिसतात, त्यामुळे ढग आले तर हट्ट सोडा आणि मागे फिरा. आम्ही बाराच्या आत माथ्यावर होतो. दक्षिणेला लिबियाचा समुद्र आणि त्यात गाव्दोस बेट, उत्तरेला क्रीटचा समुद्र, पूर्वेला निळसर प्सिलोरिटिस. एकाच माथ्यावरून बेटाच्या दोन्ही बाजूंचा समुद्र. मेहुण्याचे डोळे भरून आले होते, माझेही.

उतरताना पुन्हा तेच सात किलोमीटर. माथ्यावर फोनला रेंज होती, पण तिथून चालकाला कळवायचं सुचलं नाही, खाली आल्यावर रेंज गेली. तुम्ही माथ्यावरून संदेश पाठवा. शेवटच्या तीन किलोमीटरला एका म्हाताऱ्या मेंढपाळाने न विचारता गाडी थांबवली, मागे मेंढ्यांच्या पेंडीच्या पोत्यांवर बसवलं आणि प्लास्टिकच्या कॅनमधलं पाणी दिलं. मी पैसे पुढे केले तर त्याने माझा हात धरून परत माझ्याच खिशाकडे नेला. आणि वळणावर आमचा माणूस थांबलेला. ठरल्यापेक्षा तासभर उशीर झाला म्हणून ४० युरो जास्त मागितले. उशीर त्याच्याच सात किलोमीटरांमुळे झाला होता. पण डोंगरात, दमलेल्या अवस्थेत, दुसरी गाडी नसताना कोणाला काय समजावणार? दिले. एकूण १७० युरो. पाख्नेसला जाण्यात माझी हरकत काहीच नाही, पण हा खर्च दोघांना जड आहे. चौघं असाल तरच गाडी करा. दोघंच असाल तर तंबू घेऊन आदल्या दुपारी पायी निघा, जेवढं पाणी नेता येईल तेवढं न्या आणि वाटेत मुक्काम करा. पुन्हा गेलो तर मी तेच करीन.

गिंगिलोसबद्दल ठाम मत: क्रीटमध्ये एकच शिखर करायचं असेल तर हे करा. हानिया शहरातून सकाळची बस ओमालोसच्या पठाराला वळसा घालून क्सिलोस्कालोला, म्हणजे सामारियाच्या घळीच्या तोंडाशी सोडते. १२३० मीटरवर. बसमधले बाकीचे सगळे घळीत उतरतात, तुम्ही उजवीकडच्या इमारतीमागून चढायला लागा. दगडाची नैसर्गिक कमान लागते, मग लिनोसेलीचा झरा. या वाटेवर पाणी आहे तर इथेच, बाटल्या इथे भरा. पुढे घसाऱ्यातून नागमोडी वाट खिंडीपर्यंत. खिंडीत वारा असा असतो की काठ्या हातातून हिसकल्या जातात. तिथून वर कातळ: हात वापरावे लागतात, रंगाच्या खुणा आहेत, अलंग-मदनची सवय असलेल्याला दोराची गरज नाही. पण खुणा सोडून एक पाऊलही बाजूला टाकू नका, वाटेच्या अगदी जवळ उभं खोल विवर आहे. चुनखडीच्या कडा सुरीसारख्या, त्यामुळे पातळ हातमोजे ठेवा. आमच्याकडे नव्हते, दोघांचेही तळवे फाटले. पहिल्या माथ्यावर दगडांचा ढीग बघून थांबू नका, २०८० मीटरचा खरा माथा त्याच्या मागे आहे. उतरताना खिंडीखालच्या घसाऱ्यात वरून कोणी येत असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. आमच्या डोक्यावरून नारळाएवढा दगड गेला.

सामारियाच्या घळीत १६ किलोमीटर उतरून समुद्रावर जाता येतं, मे ते ऑक्टोबर ती खुली असते. चांगली आहे, पण शिखरांसाठी गेला असाल आणि दिवस मोजके असतील तर सोडा. उन्हाळ्यात तिथे रांगेत चालावं लागतं.

प्सिलोरिटिस आम्ही निदाच्या पठारावरून केला. १४०० मीटरपासून वर, ई-फोर या युरोपातल्या लांब पल्ल्याच्या पायवाटेच्या पिवळ्या-काळ्या खुणा, दिवसभराची सरळ मेहनत. माथ्यावर नुसत्या दगडांवर दगड रचून बांधलेलं तिमिओस स्ताव्रोसचं, म्हणजे पवित्र क्रूसाचं, छोटं देऊळ आहे, १४ सप्टेंबरला तिथे उत्सवासाठी लोक चढून जातात. दिवस छान गेला. कोणी फसवलं नाही, कुठे अडकलो नाही, म्हणून सांगण्यासारखं फार नाही.

उरलेलं थोडक्यात. जून संपेपर्यंत किंवा मग सप्टेंबरात जा, जुलै-ऑगस्टचं ऊन त्या पांढऱ्या दगडावर सहन होणार नाही. अडचणीत संपूर्ण ग्रीसमध्ये ११२ लावायचा. डोंगराजवळच्या गावांत रोख पैसे ठेवा. आनोपोलीच्या चौकात १७७० च्या उठावाचा नायक दास्कालोयानिस याचा पुतळा आहे, त्याच्याजवळच्या कुठल्याही खाणावळीत मध घातलेली स्फाकियाची पिता मागा. चीज भरलेली पातळ पोळीच ती, दमून आल्यावर दोघांत चार संपतात. आणि गाडी ठरवायची तर तिथेच जेवता जेवता दोन-तीन जणांना विचारा, पहिल्यालाच हो म्हणू नका. वर जाताना फोनमध्ये उंचीवर नजर ठेवा. आकडा दोन हजारांच्या जवळ गेल्याशिवाय गाडीतून उतरू नका, चालक काहीही म्हणो.