बेरीचा मालक कोण? एका रकान्यात अडकलेला उन्हाळा

थरच्या वाळवंटात, पाकिस्तान सीमेजवळच्या गावांत विद्यार्थ्यांना घेऊन पाण्याचं काम केलं असं सांगितलं की लोक आधी बीएसएफबद्दल विचारतात. जाऊ देतात का? मोबाइल काढून घेतात का? चौकशी किती करतात? खरं सांगते, सीमेकडे जाताना मला कोणीही अडवलं नाही. अडवलं ते महाराष्ट्रातल्या आमच्याच विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीने, आणि तेही अर्जातल्या एका रकान्यावरून. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथेच नोकरी करायची आहे.

मी भूशास्त्र शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला श्रेयांक मिळू लागले, तेव्हा विभागात ठरलं की जैसलमेर जिल्ह्यात, रामगढच्या बाजूला जायचं. तिथे वर्षाचा सरासरी पाऊस २०० मिलिमीटरच्या आत. तरीही तिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली ती पाण्याचे तीन प्रकार ओळखून. पालर पाणी म्हणजे थेट पावसाचं, नाडीत (म्हणजे छोट्या तळ्यात) किंवा तलावात साठलेलं. पाताल पाणी खोल विहिरींचं, पुष्कळ ठिकाणी खारट. या दोहोंच्या मधलं ते रेजाणी, म्हणजे वाळूत मुरलेलं, पण खाली जिप्समचा किंवा मुलतानी मातीसारखा थर असल्याने खाऱ्या पाण्यापर्यंत न पोचलेलं. बेरी म्हणजे त्या अडलेल्या ओलीपर्यंत खणलेली अरुंद विहीर. तिला पंप लावून चालत नाही. रात्रभरात झिरपून येईल तेवढंच सकाळी काढायचं.

आता तिकडे इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आहे. पंजाबातल्या हरिकेपासून निघून ६४९ किलोमीटर वाहत ते जैसलमेर जिल्ह्यात येतं. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात. तिकडे त्याला नहरबंदी म्हणतात. नळ आटले की बुजत आलेल्या बेऱ्या पुन्हा साफ होतात. आमचा प्रश्न साधा होता. यांपैकी कोणत्या बेरीचं पाणी पिण्याजोगं आहे, आणि कालव्याच्या पाझराने जिथे खारं भूजल वर चढलं आहे तिथे रेजाणी पाणी अजून गोडं राहिलं आहे का?

गावाची परवानगी एका बैठकीत मिळाली. रामगढमध्येच भेटलो, कारण पुढच्या काही गावांना बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय जाता येत नाही. तिथल्या शाळेतले एक शिक्षक, सगळे त्यांना माडसाब म्हणतात, चार म्हाताऱ्यांना घेऊन आले होते. त्यांच्या अटी दोन. निकाल आधी गावात वाचायचा, मग बाहेर. आणि कोणाची बेरी खराब निघाली तर त्या घराचं नाव छापायचं नाही. मी हो म्हटलं. त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर गृहस्थ म्हणाले, “हुकुम (तिकडे आदराने असं संबोधतात), नहरबंदीत या. तेव्हा कळतं कोणती बेरी खरी.”

मग मी परत येऊन अर्ज भरला.

विभागप्रमुख, अधिष्ठाता, लेखा विभाग, सगळ्यांच्या सह्या झाल्या. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते विस्तार कार्याच्या कक्षात. तिथल्या नमुन्यात एक रकाना होता: ‘जलस्रोताची मालकी – खाजगी / शासकीय. मालकाचे संमतीपत्र जोडावे.’ मी दोन्ही खोडून बाजूला लिहिलं, ‘गावाच्या सामाईक जमिनीवर, कुटुंबांनी खणलेल्या.’ नस्ती, म्हणजे फाइल, परत आली. शेरा: ‘मालकी स्पष्ट करावी.’

आता बेरीची मालकी स्पष्ट करणं म्हणजे काय हे ज्याने वाळवंट पाहिलंय त्याला कळेल. बेरी एका घराने खणलेली असते, पाणी तेच घर काढतं, डागडुजीही तेच करतं. पण जमीन सगळ्यांची. त्या जमिनीवर पडणारा पाऊसही सगळ्यांचा, कारण वाळूतली ओल एकच आहे आणि तुम्ही नवी बेरी खणली की शेजाऱ्याच्या बेरीचा झिरपा कमी होतो. म्हणून नवी खणायची तर गावाला विचारावं लागतं. ही व्यवस्था इतकी शहाणी आहे की तिच्यावर मी वर्गात एक आख्खा तास घेते. आमच्या रकान्यात मात्र तिला जागा नव्हती.

तरी मी आज्ञाधारकपणे संमतीपत्र मागवलं. ग्रामपंचायतीने सांगितलं, बेऱ्या आमच्या दप्तरी नाहीत, आम्ही कशी संमती देणार? म्हणजे ‘शासकीय’ गेलं. मग माडसाबांनी एकेका घराला विचारलं. नमुना न्यायला कोणाचीच हरकत नव्हती, पण ‘मालक’ म्हणून कागदावर सही करायला एकही तयार होईना. यात अडाणीपणा काही नव्हता. आज विद्यापीठाच्या कागदावर मालक म्हणून सही केली, की उद्या तोच कागद दाखवून कोणाचा तरी नातू सामाईक जमिनीचा तुकडा मागणार. म्हाताऱ्यांनी हे दोन मिनिटांत ओळखलं. ते मी कार्यालयात समजावून सांगायला गेले तर उत्तर आलं, “मॅडम, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण मालक नाही असा स्रोत कसा असेल?”

नस्ती विधी कक्षाकडे गेली. तिथे तिला दुसरा आजार जडला. कोणीतरी ‘सीमावर्ती’ हा शब्द लाल शाईने अधोरेखित केला आणि पालकांचं हमीपत्र, विम्याची प्रत आणि ‘सदर क्षेत्रात जाण्याचे औचित्य’ मागितलं. औचित्य! प्रस्तावाची पंधरा पानं तेवढ्यासाठीच लिहिली होती. मी पुन्हा दोन पानं लिहिली. मग कळलं की विद्यापीठ गावं दत्तक घेतं ती केंद्र सरकारच्या उन्नत भारत अभियानात, आणि ती आसपासची असतात. हे गाव त्या यादीत नाही, मग खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा? नस्ती पुन्हा लेखा विभागात. लेखा विभाग म्हणाला, शीर्ष आहे, मालकी स्पष्ट करून आणा.

दरम्यान एप्रिल लागला. माडसाबांचा फोन आला, कालवा बंद झाला, लोक बेऱ्या उपसून साफ करताहेत, तुम्ही कधी येताय? काय सांगणार? ‘कार्यवाही सुरू आहे’ हे हिंदीत सांगितलं तरी तेवढंच पोकळ वाटतं.

इथे एक सल्ला मध्येच देते, नंतर विसरेन. प्रत्येक वेळी नस्ती दिली की आवक क्रमांक आपल्या वहीत लिहून घ्या. आमच्या विभागातल्या शिपाईमामांनी मला हे शिकवलं. “मॅडम, साहेबांना भेटू नका, क्रमांक सांगा. साहेब विसरतात, रजिस्टर विसरत नाही.” मामांमुळेच नस्ती कोणत्या टेबलावर झोपली आहे हे मला रोज कळायचं. त्याने ती जागी व्हायची नाही, पण निदान माझा राग योग्य दारावर जायचा.

सुटका झाली ती एका कक्षाधिकाऱ्यामुळे. निवृत्तीला आलेले गृहस्थ, मूळचे शेतकरी घरातले. मी वैतागून त्यांच्यासमोर बसले आणि सगळी बेरीची कथा पुन्हा सांगितली. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, “म्हणजे आपल्या सामाईक विहिरीसारखंच की! आमच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत विहिरीत चार आणे हिस्सा लागलाय. पाण्याची पाळी आमची मंगळवारची.” बस. इतके दिवस वाळवंटातली दुर्मीळ गोष्ट म्हणून मी जे समजावत होते, ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक तलाठ्याला माहीत आहे. त्यांनी तिथेच टिपणी लिहिली: ‘स्रोत सामाईक असल्याने वैयक्तिक संमतीपत्राऐवजी ग्रामस्थांचा एकत्रित ना हरकत ठराव ग्राह्य धरावा.’ वर त्यांनी तशाच सामाईक विहिरीच्या नोंदीची एक प्रत नमुना म्हणून जोडायला सांगितली. कायद्याने त्याची गरज होती का? अजिबात नाही. पण वरच्या साहेबांना ओळखीचा कागद दिसला आणि सही झाली.

तुम्हीही अशाच कुठल्या कामात अडकला असाल तर माझं ऐका. कार्यालयाला नवी संकल्पना समजावू नका. त्यांच्या कपाटात आधीच असलेला कागद शोधा आणि तुमची गोष्ट त्याला चिकटवा. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर औचित्याची ती दोन पानं लिहावी लागली नसती.

ठराव गावाने सुंदर लिहिला. बेरीधारक सगळ्या घरांच्या सह्या आणि अंगठे, ‘मालक’ हा शब्द कुठेही नाही, आणि खाली त्यांच्या त्या दोन अटी. विद्यापीठाच्या पत्रापेक्षा त्याची भाषा नेमकी होती.

सीमेजवळच्या गावांसाठी लागणाऱ्या तिथल्या उपखंड अधिकाऱ्यांच्या परवानगीचं म्हणाल, तर ती सरळ झाली. पण तिथे काय लागतं ते सांगते. जैसलमेर जिल्ह्यातल्या काही पोलीस ठाण्यांची हद्द अधिसूचित क्षेत्रात येते, म्हणजे तिथे बाहेरच्यांना परवाना लागतो. तनोट आणि लोंगेवालाच्या रस्त्याने पर्यटक जातात ते वेगळं, गावांत राहून काम करायचं ते वेगळं. अर्जावर प्रत्येकाचं नाव, आधार, वाहन क्रमांक, तारखा आणि गावांची नावं. गावाचं नाव महसुली दप्तरात जसं आहे तसंच लिहा, ढाणीचं (म्हणजे वस्तीचं) बोलीतलं नाव चालत नाही. विद्यार्थ्यांच्या यादीत दोन नावं जास्तीची ठेवा, कारण ऐनवेळी कोणीतरी आजारी पडतं आणि यादीबाहेरचं नाव घुसवता येत नाही. ड्रोनचा विषयही काढू नका. जीपीएस आणि टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र) यांची यादी अर्जासोबतच द्या, म्हणजे नाक्यावर सामान उघडताना कोणी दचकत नाही. चौकी, पूल, कालव्याची दारं यांचे फोटो नाहीत. हे मुलांना रेल्वेतच सांगा, जीपमध्ये बसल्यावर त्यांचं लक्ष उंटांकडे असतं.

आम्ही पोचलो तेव्हा नहरबंदी संपत आली होती. पण बेऱ्या उघड्या होत्या, एवढं भाग्य.

नमुन्यांचं थोडं सांगते. जंतूंच्या तपासणीचा नमुना थंड ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोचावा लागतो. रामगढच्या पलीकडून महाराष्ट्रात ते शक्य नाही, तेव्हा तो हट्ट सोडा. एच-टू-एसच्या, म्हणजे जागेवरच जंतू तपासायच्या, छोट्या बाटल्या न्या. पाणी भरायचं, उबेत ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर विष्ठेतल्या जंतूंचा संशय. गावातल्या बायका या बाटल्या रोज उचलून बघायच्या, आणि ज्या बेरीशेजारी गुरांची खेळी (पाणी पाजायचा हौद) होती तिची बाटली काळी पडल्यावर आम्ही काही बोलायच्या आत त्यांनीच खेळी लांब सरकवायची चर्चा सुरू केली. फ्लोराइडचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, काचेच्या नको. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. नायट्रेटला अशी सवलत नाही, ४५ म्हणजे ४५. क्षारांना ५०० आणि नाइलाजाने २०००. हे आकडे मराठीतून हिंदीत, हिंदीतून मारवाडीत सांगताना माडसाबांनी ते फळ्यावर सरळ लाल, पिवळा, हिरवा करून टाकले. आमच्या मुलांच्या तक्त्यांपेक्षा तेच लोकांच्या लक्षात राहिलं.

बेऱ्यांना घरांची नावं न देता खुणेचे क्रमांक दिले होते. निकाल गावच्या कोटडीत, म्हणजे बैठकीच्या जागी, वाचला. कोणता क्रमांक कोणाचा हे गावात सगळ्यांना माहीत, बाहेर कोणालाच नाही. एका म्हाताऱ्यांनी विचारलं, कालव्याजवळच्या बेऱ्यांत खारेपण दर वर्षी वाढतंय की आमचीच जीभ म्हातारी झालीय? त्याचं उत्तर एका उन्हाळ्याच्या नमुन्यांत मिळत नाही, दर वर्षी त्याच सुमाराला जावं लागतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, मग या.

म्हणून या वर्षीचा अर्ज दिवाळीच्या आधीच टाकलाय. सोबत ठराव, मागच्या टिपणीची प्रत आणि विहिरीच्या नोंदीचा नमुना, तिन्ही जोडलेत. ते कक्षाधिकारी निवृत्त झाले. नव्या बाईंनी परवा बोलावलं होतं. रकान्यात अजून दोनच पर्याय आहेत, आणि हे ‘सामाईक’ पेनने लिहिलेलं चालेल की टंकलिखित लागेल, हे त्या वर विचारून सांगणार आहेत.