माडीच्या जमिनीला व्हार्निश किती लागेल?

पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या माडीला सागवानी फळ्यांची जमीन आहे. ती घासून पुन्हा व्हार्निश करायचे ठरले तेव्हा पहिला प्रश्न आला तो सामान किती आणायचे हा. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे "साहेब, चार लिटरचे दोन डबे आणून ठेवा, कमी पडले तर बघू" असे सांगितले. भिंतीच्या रंगाला हा हिशेब चालून जातो, कारण एक भिंत आज आणि दुसरी उद्या करता येते. जमिनीचा हात मात्र मध्येच थांबवला तर वाळलेल्या कडेवर नवा थर चढतो तिथे जोड उमटतो आणि खिडकीतून तिरपे ऊन आले की तो नेमका डोळ्यांत भरतो.

डब्यावर बहुधा लिटरमागे १० ते १२ चौरस मीटर असे छापलेले असते, आणि मिस्त्री बोलतात फुटांत, तेव्हा एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट एवढे लक्षात ठेवावे. माडी १६ बाय १८, म्हणजे २८८ चौरस फूट, सुमारे २६.८ चौरस मीटर. डब्यावरचा १२ चा आकडा धरला तर एका हाताला सव्वादोन लिटर आणि तीन हातांना पावणेसात लिटर येतात. हा हिशेब कागदावर बरोबर असला तरी तो गुळगुळीत, आधीच बंद झालेल्या पृष्ठभागाचा आहे.

ताजे घासलेले लाकूड पहिला हात पिऊन टाकते. फळीच्या टोकाशी, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात, तिथे ब्रश फिरवल्यावर ओली चकाकी पाहता पाहता विझते. खिळ्यांच्या भोकांभोवती आणि फळ्यांमधल्या फटींतही तेच होते. म्हणून पहिल्या हाताला मी लिटरमागे ८० चौरस फूटच धरतो आणि पुढच्या दोन हातांना ११०. म्हणजे पहिल्याला ३.६ लिटर, पुढच्या दोन्हींना मिळून सव्वापाच लिटर, एकूण जवळपास ८.८५ लिटर, आणि ब्रशमध्ये, रोलरमध्ये, डब्याच्या तळाशी राहणाऱ्या मालासाठी दहा टक्के वाढवले की पावणेदहा लिटर. चार लिटरचे दोन आणि एक लिटरचे दोन डबे पुरतात. कपाटाखालची जागा वजा करायचा मोह होतो, पण कपाट उद्या हलू शकते, तेव्हा ती धरलेलीच बरी. जिना असेल तर प्रत्येक पायरीची पाटी आणि तिची उभी बाजू वेगळी मोजावी.

आकड्यांवर विश्वास नसेल तर ५ बाय ५ चा कोपरा खडूने आखून, मापाच्या भांड्यातून घेतलेले व्हार्निश तिथे लावून पाहावे. पंचवीस चौरस फुटांना सुमारे ३१० मिलिलिटर लागले तर ८० चा आकडा खरा. ४०० लागले तर लिटरमागे साठ-बासष्ट फूटच निघतील आणि यादी आत्ताच बदलावी.

थर पातळ ओढून माल वाचवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. एक लिटर व्हार्निश १० चौरस मीटरवर पसरले की ओला थर दशांश मिलिमीटरचा होतो, आणि त्यात घन भाग ४५ टक्के असेल तर वाळल्यावर उरतात अवघे ४५ मायक्रॉन, म्हणजे ०.०४५ मिलिमीटर. थिनर घातल्याने डबा भरल्यासारखा दिसतो, पण तो उडून जातो आणि वाळलेल्या थरात त्याची भर शून्य असते. त्यामुळे हिशेबात थिनर कधीही धरू नये.

दोन डब्यांचे पीयू (पॉलियुरेथेन) व्हार्निश घेत असाल तर बेस म्हणजे मूळ माल आणि हार्डनर म्हणजे तो घट्ट करणारा दुसऱ्या डब्यातला माल मिळून होणारे आकारमान मोजावे आणि एका वेळी एका हातापुरतेच, तेही पसरवण्याच्या वेगाप्रमाणे थोडे थोडे कालवावे, कारण कालवलेला माल दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. एकाच डब्याचे व्हार्निश असेल, तर सगळे डबे एकाच बॅचचे मागून घ्यावेत आणि शेवटच्या हाताचा माल एका स्वच्छ बादलीत एकत्र ढवळून मगच लावावा, म्हणजे चमक सगळीकडे सारखी येते.