आमची वाटचाल : निळ्या पेटीतले लाल दिवे

आमच्याकडे पहिलं ऑल्टेअर, म्हणजे १९७५ सालचा किटमधून घरी जोडायचा कॉम्प्युटर, आलं ते ब्लँकेटमध्ये गुंडाळून. कॅलिफोर्नियातल्या लॉस आल्टोसच्या एका आजींनी ते स्वतः गाडीतून आणलं होतं. निळ्या पत्र्याची जड पेटी, पुढच्या बाजूला स्विचांची रांग आणि त्यावर बारीक लाल दिवे. पडदा नाही, कीबोर्ड नाही. आजींचे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. "हे त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर जोडलं होतं, १९७५ साली. मला एकदा ते दिवे लागलेले बघायचे आहेत," एवढंच त्या म्हणाल्या. ही २०१० च्या ऑगस्टमधली गोष्ट. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या आमच्या फर्मची नोंदणी पुढच्या वर्षी झाली, पण आमची सुरुवात मी त्या दिवसापासून मोजतो.

मी मूळचा इचलकरंजीचा. वडिलांचं यंत्रमागाच्या मोटरी रिवाइंड करण्याचं दुकान होतं. जळालेली मोटर आली की ते आधी जुनं वाइंडिंग मोजून घेत. वळसे किती, गेज कोणता, पिच किती, कनेक्शन कसं, हे सगळं लाल कापडी बांधणीच्या वहीत जाई. पलीकडच्या गल्लीतला दुसरा वाइंडर अडला की यायचा, आणि वडील वही उघडून त्याला आकडे वाचून दाखवायचे. मी एकदा रागावून विचारलं तर म्हणाले, "अरे, मोटर त्याची पण नाही आणि माझी पण नाही, लूमवाल्याची आहे. त्याचा लूम उभा राहिला तर घर थांबतंय त्याचं."

पुढे सांगलीला वालचंद कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स, काही वर्षं पुण्यात नोकरी, १९९७ साली कॅलिफोर्नियातलं सनीवेल. बारा वर्षं सर्किट बोर्डांची डिझाइनं केली. २००९ च्या मंदीत आमचा अख्खा विभाग बंद झाला. पुढच्या नोकरीची वाट बघताना गॅरेजमध्ये टेबल मांडून ओळखीच्यांचे जुने रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करू लागलो.

एड रॉबर्ट्‌स यांच्याबद्दल पहिल्यांदा नीट वाचलं तेही त्याच काळात, त्यांच्या निधनाच्या बातमीत. ऑल्टेअर त्यांनीच बनवलं होतं. १ एप्रिल २०१० रोजी जॉर्जिया राज्यातल्या मेकनमध्ये ते गेले, वय ६८. पर्सनल कॉम्प्युटरचा धंदा ज्यांच्यापासून सुरू झाला ते हे गृहस्थ शेवटची वीसेक वर्षं कॉक्रन नावाच्या लहानशा गावात डॉक्टरकी करत होते. बातमी वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. नंतर त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

मायामीच्या या मुलाला डॉक्टरच व्हायचं होतं. विद्यापीठात असताना इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेला एक न्यूरोसर्जन त्यांना भेटला आणि त्यानं सल्ला दिला, आधी इंजिनिअर हो. मग लग्न झालं, संसाराची जबाबदारी आली, ते हवाई दलात शिरले, आणि हवाई दलानंच त्यांना ओक्लाहोमात इंजिनिअरिंगची पदवी घ्यायला पाठवलं. नेमणूक झाली अल्बुकर्कीच्या कर्टलंड तळावर. तिथे १९६९ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर हौसेखातर एक फर्म काढली. माल होता खेळण्यातल्या रॉकेटांवर बसवायचे दिवे आणि रेडिओ ट्रान्समीटर. फर्मचं नाव मायक्रो इन्स्ट्रुमेंटेशन अँड टेलीमेट्री सिस्टिम्स, थोडक्यात मिट्स.

रॉकेटवाल्यांवर पोट भरत नव्हतं म्हणून त्यांनी कॅल्क्युलेटरचं किट काढलं. नोव्हेंबर १९७१ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ते आलं आणि धंदा वाढला. पण मोठ्या कंपन्या त्यात उतरल्या आणि भाव इतके पडले की सुट्या भागांच्या किमतीपेक्षा बाजारातला तयार कॅल्क्युलेटर स्वस्त झाला. १९७४ मध्ये मिट्स कर्जात रुतलेली होती.

अशा वेळी शहाणा माणूस खर्च आवरतो. रॉबर्ट्‌सनी कॉम्प्युटर करायला घेतला. हे मी कौतुकानं लिहितोय. त्यांना स्वतःला टेबलावर कॉम्प्युटर हवा होता, आणि आपल्यासारखे आणखी काहीशे वेडे देशात असतील याची त्यांना खात्री होती. इंटेलच्या नव्या ८०८० चिपची छापील किंमत ३६० डॉलर होती, घाऊक सौदा करून त्यांनी ती ७५ डॉलरला मिळवली. बँकेकडे आणखी ६५,००० डॉलर मागितले. निदान २०० यंत्रं गेली तरच तोंडमिळवणी होणार होती, आणि बँकेला त्यांनी ८०० चा आकडा सांगितला होता.

फोटोसाठी न्यूयॉर्कला पाठवलेलं पहिलं यंत्र वाटेतच हरवलं, आणि ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या जानेवारी १९७५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर गेली ती आत काही नसलेली, नुसत्या दिव्यांची आणि स्विचांची पेटी. किटची किंमत ३९७ डॉलर, मेमरी २५६ बाइट. तरी फेब्रुवारीतच हजारभर मागण्या आल्या, आणि ऑगस्टपर्यंत ५,००० च्या वर यंत्रं रवाना झाली. लोकांनी न बघितलेल्या वस्तूसाठी पैसे पाठवले. ती वस्तू पुढे काय होणार आहे याची कल्पना रॉबर्ट्‌सना नव्हती. त्यांना फर्म वाचवायची होती आणि एक यंत्र स्वतःसाठी हवं होतं.

आमच्या फर्मसाठी मात्र त्या यंत्रातली एक गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची. आत एक लांब बोर्ड असतो, त्यावर १०० पिनांचे कनेक्टर. असे कनेक्टर त्या वेळी स्वस्तात मिळत होते, म्हणून ते वापरले. प्रत्येक पिनवर कोणता सिग्नल आहे हे कागदपत्रात छापलेलं होतं. किटच्या धंद्यात ते छापावंच लागतं, नाहीतर गिऱ्हाईक जोडणार कसं? पण त्यामुळे कुणीही त्या खाचेत बसेल असं कार्ड बनवू शकत होता. मिट्सची ४ केची मेमरी कार्डं धड चालत नसत. आमच्या शेजारच्या बर्कलीतल्या हौशी मंडळींनी चालणारी बनवून विकायला सुरुवात केली. रॉबर्ट्‌स संतापले, या लोकांना त्यांनी जाहीरपणे बांडगुळं म्हटलं. इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. ज्यांना ते बांडगुळं म्हणाले, त्यांच्यामुळेच ऑल्टेअरच्या भोवती बाजार उभा राहिला. ती खाच पुढे एस-१०० या नावानं सगळ्यांची झाली आणि १९८३ मध्ये तिचं रीतसर मानकही निघालं. रॉबर्ट्‌सनी न ठरवता दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे, असं मी मानतो.

आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर मेन्लो पार्क आहे. ५ मार्च १९७५ ला तिथल्या एका गॅरेजमध्ये होमब्रू या हौशी कॉम्प्युटरवाल्यांच्या क्लबची पहिली बैठक भरली ती ऑल्टेअरच्या निमित्तानं. हौशी मंडळींत एचपीमध्ये कॅल्क्युलेटर डिझाइन करणारा स्टीव्ह वॉझनियॅकही होता. त्यातून त्याला सुचलेल्या यंत्राचं सर्किट तो क्लबात फुकट वाटत असे. तेच पहिलं ॲपल, पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आजींच्या यंत्राकडे येतो. ३५ वर्षं बंद असलेल्या यंत्राची पिन थेट सॉकेटमध्ये घालायची नाही, हे वडिलांच्या दुकानातच शिकलो होतो. सगळी कार्डं बाहेर काढली. मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरना डिमरस्टॅटवरून (व्होल्टेज कमीजास्त करायचं साधन) थोडं थोडं व्होल्टेज देत दोन दिवस जागं केलं, सिरीजमध्ये बल्ब लावून. ऑल्टेअरच्या बसवर, म्हणजे सगळ्या कार्डांना जोडणाऱ्या त्या लांब बोर्डावर, ८ व्होल्ट कच्चे येतात आणि प्रत्येक कार्डावरचा रेग्युलेटर त्यांचे ५ करतो. तिथवर सगळं ठीक होतं. पण यंत्र काही केल्या चालेना. आठ रात्री गेल्या. शेवटी सापडला तो पुढच्या पॅनलपासून बसपर्यंत जाणाऱ्या तारांच्या जुडग्यातला एक ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका. तो टाका त्या यजमानांनी १९७५ साली जेवणाच्या टेबलावर दिला होता. बाकीचे सगळे टाके इतके सुबक होते की हात लावावासा वाटेना. तेवढा एकच नव्यानं दिला.

आजींना बोलावलं. स्विचांवरून तीन आकडे भरले, आठच्या पद्धतीत ३०३, ०००, ०००. अर्थ एवढाच, पहिल्या जागेवर परत जा. मग रन. ‘वेट’चा दिवा विझला आणि पत्त्याच्या, म्हणजे मेमरीतली जागा दाखवणाऱ्या, रांगेतले उजवीकडचे दोन दिवे मंद तेवायला लागले. त्या कितीतरी वेळ खुर्चीवर बसून बघत होत्या. जाताना त्यांनी चेक दिला आणि यजमानांच्या चार जुन्या मित्रांचे फोन नंबर दिले. आमचे पुढचे तीन गिऱ्हाईक त्यातूनच आले.

पहिली दोन वर्षं हिशेब आणि पत्रव्यवहार बायकोनं नोकरी सांभाळून केला, घरही तिच्याच पगारावर चाललं. तिच्याशिवाय ही फर्म तिसरा महिना बघू शकली नसती. २०१३ मध्ये एक व्हिएतनामी गृहस्थ आमच्याकडे आले, तीस वर्षं बोर्ड असेंब्लीच्या लाइनवर काढलेले. त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. जुन्या बोर्डावरून चाळीस पायांची चिप तांब्याची एकही पट्टी न उचलता काढणं मी त्यांच्याकडूनच शिकलो. आज आम्ही चौघं आहोत आणि गॅरेज सोडून सांताक्लारात एक गाळा भाड्यानं घेतलाय. ऑल्टेअर आणि त्याच्या जातीची एस-१०० यंत्रं, ॲपल टू, कमोडोर, असं काम असतं. संग्राहक असतात, शाळा असतात, पण जास्त करून मुलं येतात, वडिलांच्या माळ्यावरचं यंत्र घेऊन.

एक चूक सांगायलाच हवी. २०१२ साली एका ऑल्टेअरच्या सीपीयू कार्डावर मी घाई केली. ८०८० ला तीन व्होल्टेज लागतात, +५, +१२ आणि −५. मी पहिली दोन मोजली. −५ येतच नव्हतं. ते नसताना बाकीची मिळाली की चिप जाते, आणि ती गेली. पांढऱ्या सिरॅमिकची, यंत्राच्या मालकानं स्वतः १९७५ मध्ये सॉकेटमध्ये बसवलेली. मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं. तशीच चिप शोधून आमच्या खर्चानं बसवली, यंत्र अजूनही चालतंय. पण त्याची ती चिप गेली ती गेलीच. तेव्हापासून आमच्याकडे तिन्ही आकडे वहीत लिहिल्याशिवाय सॉकेटमध्ये काहीही बसत नाही, आणि लिहिणारा एक, तपासणारा दुसरा असतो.

काही गिऱ्हाइकं म्हणतात, आत आजचा एखादा छोटा बोर्ड टाका आणि बाहेरचे दिवे लुकलुकू द्या, कुणाला कळतंय? पैसे चांगले देतात. आम्ही ते काम घेत नाही. त्या दिव्यांमागे खरोखर २ मेगाहर्ट्झवर चालणारी चिप असते. बसवरचा प्रत्येक पत्ता तिथे दिसतो, आणि तो बघूनच आम्ही बिघाड शोधतो. दिवे खोटे केले की ते यंत्र पुढच्या माणसाला दुरुस्त करता येणार नाही. आणि पुढचा माणूस असणार आहे, मी नसेन तेव्हाही.

रॉबर्ट्‌सनी १९७७ साली फर्म विकली, जॉर्जियात शेती घेतली आणि चाळिशी उलटल्यावर मेडिकलला प्रवेश घेतला. १९८६ मध्ये ते डॉक्टर झाले. शेवटच्या आजारात बिल गेट्‌स विमानानं त्यांना भेटायला आले होते. गेट्‌स आणि ॲलन यांच्या मायक्रोसॉफ्टचं पहिलं गिऱ्हाईक मिट्सच होतं, ऑल्टेअरवरच्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी. पण मला जास्त भावतं ते त्यांचं डॉक्टर होणं. विशीत बाजूला ठेवलेलं काम त्या माणसानं पंचेचाळिशीत पुरं केलं. मी गाळ्याची पहिली चावी हातात घेतली तेव्हा माझं वय तेवढंच होतं.

वडील गेल्यावर भावानं दुकान बंद केलं आणि ती लाल वही मला पाठवली. ती इथे टेबलावरच्या फळीत आहे. आमची स्वतःची आता तिसरी वही चालू आहे. त्यात प्रत्येक यंत्राचा क्रमांक, मोजलेली व्होल्टेज, बदललेला भाग आणि कुणाच्या हातचा टाका कुठे होता ते. त्या पानांची प्रत यंत्राबरोबर मालकाला जाते.

गेल्या महिन्यात ओहायोहून एका दुरुस्तीवाल्याचा फोन आला. आमच्यापेक्षा कमी भाव सांगून त्यानं आमचं एक काम घेतलं होतं, तेच यंत्र त्याच्या टेबलावर होतं. पुढच्या पॅनलवर अडला होता. आधी आमच्याकडे ते एकदा येऊन गेलं होतं, म्हणून विचारत होता की तेव्हा कोणते कॅपॅसिटर बदलले होते. मी त्याला थांबायला सांगितलं, वही क्रमांक दोन काढली आणि पान सापडल्यावर आकडे सावकाश वाचून दाखवले, त्याला लिहून घेता येतील असे.